बीजीएमआय: खेळायला झकास, बघायला अवघड

बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, सगळ्यांच्या तोंडी बीजीएमआय, हा फोनवरचा गोळीबाराचा गेम कसा आहे हे नव्याने सांगायची गरज उरलेली नाही. २ जुलै २०२१ रोजी तो अँड्रॉइडवर आला आणि वर्षभरात नोंदणी केलेल्यांचा आकडा १० कोटींच्या पुढे गेल्याचं तो चालवणाऱ्या क्राफ्टन कंपनीने जाहीर केलं. त्यामुळे इथे परीक्षण आहे ते त्याच्या दुसऱ्या अंगाचं. स्पर्धा म्हणून तो कसा आहे? आणि ज्याने आयुष्यात कधी फोनवर बंदूक चालवली नाही, अशा माणसाला तो कबड्डी किंवा क्रिकेटसारखा बघवतो का?

निकाल आधीच सांगून टाकू. खेळणाऱ्यासाठी पाचपैकी चार गुण. बघणाऱ्यासाठी अडीच. आणि उद्या हा खेळ शाळेच्या मैदानावरच्या खेळांच्या रांगेत बसेल का, याला आज तरी दोनच.

सामना कसा चालतो

स्पर्धेतल्या एका सामन्यात १६ संघ उतरतात, प्रत्येकी चार जण, म्हणजे एकूण ६४. सगळे एकाच विमानातून रिकाम्या हाताने उडी मारतात, घरांमधून बंदुका, चिलखत, औषधं गोळा करतात आणि मग आक्रसत जाणाऱ्या वर्तुळाच्या आत राहायची धडपड करतात. एरँगल आणि मिरामार हे दोन मुख्य नकाशे ८ किलोमीटर बाय ८ किलोमीटरचे. वर्तुळाबाहेर राहिलं की जीव झिजत जातो, म्हणून शेवटी सगळ्यांना एका शेताएवढ्या जागेत यावंच लागतं. शेवटी उरलेल्या संघाला ‘चिकन डिनर’. एक सामना साधारण अर्ध्या तासाचा. मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत रोज सहा, असे तीन दिवसांत १८ सामने होतात आणि सगळ्यांच्या गुणांची बेरीज करून विजेता ठरतो.

गुणांची रचना अशी: पहिल्या संघाला १०, मग क्रमाने ६, ५, ४, ३, २, १ आणि आठव्याला १. नवव्यापासून खाली शून्य. शिवाय प्रत्येक ‘फिनिश’ला, म्हणजे बाद केलेल्या प्रत्येक खेळाडूला, एक गुण. या तक्त्याची जरा बेरीज करून बघा. क्रमांकाचे सगळे मिळून ३२ गुण होतात, तर ६४ जणांच्या सामन्यात फिनिशचे ६० च्या आसपास. म्हणजे लपून बसून शेवटपर्यंत टिकणाऱ्यापेक्षा लढणाऱ्याला जास्त मोल. जुन्या तक्त्यात पहिल्याला १५ आणि दुसऱ्याला १२ मिळायचे, तेव्हा झुडपात पोटावर पडून राहणंही परवडायचं. नवा तक्ता खेळाच्या दृष्टीने नक्कीच चांगला आहे.

घोटाळा आहे तो प्रेक्षकाचा. समजा एका संघाने तीन फिनिश करून चिकन डिनर मिळवलं: १३ गुण. दुसरा संघ तिसरा आला, पण नऊ फिनिश घेऊन: १४ गुण. पडद्यावर फटाके फुटतात पहिल्या संघासाठी आणि तक्त्यात पुढे सरकतो दुसरा. खेळणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही. शेजारी बसलेले काका मात्र विचारतात, “अरे, मग जिंकलं कोण?” आणि याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. १८ व्या सामन्यात तर अनेकदा असं होतं की आघाडीचा संघ मधेच बाद होऊन खुर्चीवर बसलेला असतो आणि बाकीचे किती गुण घेतात यावर त्याचं विजेतेपद लटकलेलं असतं.

नजर ठेवायची कुठे?

मुख्य अडचण हीच आहे आणि ती तांत्रिक आहे. लोक म्हणतात की फोनवरच्या खेळाला घाम येत नाही म्हणून तो खेळ नाही. हा मुद्दा फारसा कामाचा नाही. बुद्धिबळाला तरी कुठे घाम येतो? पण बुद्धिबळात एका वेळी एकच चाल होते. क्रिकेटमध्ये एक चेंडू. कबड्डीत ३० सेकंदांची एक चढाई: एक जण आत जातो, बाकीचे त्याला घेरतात, दम लागतो, निकाल लागतो, गुणफलक हलतो. प्रत्येक तुकड्याला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि मधल्या वेळात बोलायला उसंत आहे. समालोचन, जाहिरात, रिप्ले, घरातला वाद, सगळं त्या उसंतीत बसतं.

बॅटल रॉयाल, म्हणजे शेवटी उरेल तो जिंकला, या प्रकारात असा तुकडाच नाही. पहिली दहा मिनिटं लूट आणि जागा पकडणं, जे न खेळणाऱ्याला निव्वळ घरात शिरणं-बाहेर पडणं दिसतं. मग वर्तुळ अरुंद झालं की एकाच मिनिटात तीन ठिकाणी तीन चकमकी. प्रक्षेपणाच्या खोलीत अनेक ‘ऑब्झर्व्हर’ बसलेले असतात. प्रत्येक जण गेममध्ये शिरून वेगवेगळ्या संघामागे फिरतो आणि दिग्दर्शक त्यातलं एक दृश्य निवडतो. एक निवडलं की दोन हुकली. हुकलेलं रिप्लेत दाखवायला जावं तर तेवढ्यात चौथी चकमक सुरू. ‘अरे, हा संघ बाद कधी झाला?’ हा प्रश्न अनुभवी प्रेक्षकालाही पडतो. उजव्या कोपऱ्यातली यादी भराभर करडी होत जाते आणि १६ संघांची बोधचिन्हं तिथे अंगठ्याच्या नखाएवढी असतात.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. मोबाइलवरच्या या स्पर्धा ‘टीपीपी’त होतात, म्हणजे कॅमेरा खेळाडूच्या पाठीमागे वरच्या बाजूला असतो. त्यामुळे भिंतीमागे उभं राहून, अंग बाहेर न काढता पलीकडचं दिसतं. साहजिकच लपलेल्याला फायदा आणि चाल करून जाणाऱ्याला तोटा. म्हणून चांगले संघही बराच वेळ कंपाउंड धरून नुसते बघत बसतात. डावपेच म्हणून ते अचूक आहे, बघायला मात्र कंटाळवाणं.

प्रक्षेपणाची एक बाजू मात्र खरोखर दमदार आहे. प्रेक्षकाला भिंतीपलीकडचे खेळाडूही रंगीत आकृत्यांच्या रूपात दिसतात. कोण कुठे दबा धरून बसलंय हे आपल्याला माहीत, आत शिरणाऱ्याला नाही. दाराआड दोघं, जिन्यावर एक, आणि हा बिचारा औषध घ्यायला त्याच घरात धावतोय. अशी धाकधूक क्रिकेटच्या प्रक्षेपणातही मिळत नाही. दिग्दर्शकाने हे क्षण पकडले, नकाशा थोडा वेळ पूर्ण पडद्यावर ठेवला आणि पुढची चकमक कुठे होणार हे आधी सांगितलं, तर नवखाही खिळून राहतो. दुर्दैवाने समालोचक बऱ्याचदा आवाज चढवण्यात दंग असतात. ‘क्या क्लच किया है’ हे चार वेळा ऐकण्यापेक्षा ‘हा संघ पुलावरून का गेला नाही’ हे एकदा ऐकणं जास्त उपयोगी. मुख्य समालोचन हिंदीत असतं, तेही नॉक, रोटेशन, थर्ड पार्टी, आयजीएल अशा शब्दांनी गच्च भरलेलं. पहिल्यांदा बघणाऱ्यासाठी एवढंच पुरे: ‘नॉक’ म्हणजे खाली पडला, पण साथीदार उठवू शकतो. ‘फिनिश’ म्हणजे संपला. ‘थर्ड पार्टी’ म्हणजे दोघांच्या भांडणात तिसऱ्याने मागून येऊन लाभ घेणं. ‘आयजीएल’ म्हणजे कुठे जायचं ते ठरवणारा कर्णधार.

कबड्डीने काय केलं होतं

२०१४ साली प्रो कबड्डी आली तेव्हा कबड्डी नवी नव्हती, तिचं दाखवणं नवं होतं. मातीऐवजी मॅट, रात्रीची वेळ, ३० सेकंदांचं घड्याळ पडद्यावर, आणि लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’. म्हणजे रटाळ भागच नियमाने कापून टाकला. खेळाची मैदानी ओळख तशीच राहिली. मुंबईला यू मुम्बा, पुण्याला पुणेरी पलटण मिळाली आणि माणसांना कुणाच्या बाजूने ओरडायचं ते कळलं.

बीजीएमआयला नेमकं हेच जमलेलं नाही. संघ गावाचे नाहीत, ब्रँडचे आहेत. खेळाडू एका हंगामात इकडे, दुसऱ्यात तिकडे. प्रेक्षक जातो तो माणसामागे: मुंबईचा नमन माथुर ऊर्फ ‘मॉर्टल’ स्पर्धेत खेळत होता तेव्हा लोक स्पर्धा बघत होते, तो स्ट्रीमवर गप्पा मारायला लागला तर तेच लोक तिकडे गेले. त्याचा एसएटयूएल (S8UL) हा गट ‘ईस्पोर्ट्स’च्या, म्हणजे स्पर्धात्मक व्हिडिओ गेमच्या, ‘ईस्पोर्ट्स अवॉर्ड्स’मध्ये २०२२ साली ‘कंटेंट ग्रुप ऑफ द इयर’ ठरला. पुरस्कार कशाचा मिळाला ते बघा: आशयाचा, खेळाचा नाही. यात कमीपणा काही नाही, पण व्यवसाय कुठे उभा आहे ते यातून कळतं.

टीव्हीवर हा प्रयोग झालेला आहे. जून-जुलै २०२२ मध्ये नॉडविन गेमिंगची ‘बीजीएमआय मास्टर्स सीरिज’, दीड कोटी रुपये बक्षिसाची, स्टार स्पोर्ट्स २ वर थेट दाखवली गेली. पुढच्या वर्षीही ती स्टार स्पोर्ट्सवर आली. स्टुडिओची सजावट, खेळाडूंच्या ओळखी, सामन्यानंतरचं विश्लेषण हे सगळं क्रीडावाहिनीच्या तोलामोलाचं होतं. आजही क्राफ्टनच्या ईस्पोर्ट्स यूट्यूब चॅनेलवर अंतिम फेऱ्या फुकट बघायला मिळतात आणि सभागृहही भरतात: जून २०२४ मध्ये हैदराबादच्या हायटेक्समध्ये, एप्रिल २०२५ मध्ये कोलकात्यात. हैदराबादला बक्षिसाची रक्कम दोन कोटी होती. हैदराबादला टीम एक्सस्पार्क जिंकली तेव्हाचा सभागृहातला कल्ला ऐकला, तर ‘हे खेळ नाहीत’ म्हणणाऱ्यालाही दोन मिनिटं गप्प बसावं लागेल.

मैदानाचा मालक

आता त्या दोन गुणांकडे येऊ. कबड्डीचा मालक कुणी नाही. संघटना भांडतील, लीग बंद पडेल, तरी संध्याकाळी तालमीसमोर रेषा आखून पोरं खेळतीलच. बीजीएमआयचं मैदान, चेंडू, पंच आणि नियमपुस्तक सगळं एका कंपनीच्या सर्व्हरवर आहे.

याचा अर्थ काय हे भारताने दोनदा बघितलं. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल, म्हणजे बीजीएमआयचंच आधीचं रूप, होता. ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाले. मग बीजीएमआय आला, टीव्हीपर्यंत पोहोचला, आणि वर सांगितलेली स्टार स्पोर्ट्सवरची स्पर्धा संपून दोन आठवडेही झाले नव्हते तोच २८ जुलै २०२२ रोजी सरकारी आदेशावरून तो प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअरवरून काढला गेला. ज्यांच्या फोनमध्ये होता ते खेळत राहिले, पण अधिकृत स्पर्धा, प्रायोजक, पगार सगळं ठप्प. मे २०२३ अखेरीस तो परतला, तोही तीन महिन्यांच्या चाचणीवर आणि वेळेच्या मर्यादेसह: अल्पवयीनांना दिवसाला तीन तास, प्रौढांना सहा. दहा महिने एखाद्या खेळाचं मैदानच नाहीसं होतं, तेव्हा त्या दहा महिन्यांत १९ वर्षांच्या खेळाडूने करायचं काय? फुटबॉलपटू निदान धावायला जाऊ शकतो.

जगभरातही चित्र असंच दुहेरी आहे. २०२४ ची लीग ऑफ लेजेंड्सची जागतिक अंतिम लढत, लंडनच्या ओटू अरिनात, टी१ ने बिलिबिली गेमिंगला ३-२ ने हरवून जिंकली. चीन सोडून इतरत्र एकाच क्षणी बघणाऱ्यांचा आकडा ६९ लाखांच्या घरात गेला. हा मुख्य प्रवाह नाही तर काय? दुसऱ्या बाजूला डोटा २ ची ‘द इंटरनॅशनल’ बघा. २०२१ मध्ये बक्षीस ४ कोटी डॉलरच्या वर होतं, कारण खेळाडूंनी विकत घेतलेल्या बॅटल पासच्या (गेममधल्या बक्षिसांच्या हंगामी पासच्या) विक्रीतला चौथा हिस्सा त्यात जायचा. व्हॉल्व्ह कंपनीने विक्रीची पद्धत बदलली आणि २०२३ मध्ये तेच बक्षीस ३० लाख डॉलरच्या जरा वर इतकंच उरलं. खेळ तोच, चुरस तीच, फक्त दुकानदाराने मांडणी बदलली. ओव्हरवॉच लीगने तर शहरांच्या नावाचे संघ, एकेका जागेसाठी दोन कोटी डॉलर असा अमेरिकी क्रीडालीगचा साचाच उचलला होता. २०१८ ला सुरू झालेली ती लीग २०२३ मध्ये आटोपली. क्लब शहराला बांधले तरी शहरातली माणसं बांधली जातीलच असं नाही, हे त्यातून दिसलं.

मोठ्या क्रीडासंस्थांना यात रस आहे, पण गोळीबाराचं वावडं आहे. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ईस्पोर्ट्सला पदकाचा दर्जा मिळाला. तिथे पबजी मोबाइल होता, पण त्याची खास आवृत्ती होती: खेळाडू एकमेकांवर गोळ्या झाडत नाहीत, गाड्या पळवत निशाणं टिपतात आणि लवकर पोहोचतात. म्हणजे बॅटल रॉयालमधून बॅटलच काढून टाकली. ऑलिम्पिक समितीने २०२४ मध्ये सौदी अरेबियासोबत बारा वर्षांच्या ऑलिम्पिक ईस्पोर्ट्सचा करार जाहीर केला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तो मोडलाही. नेमबाजी आणि तलवारबाजी ऑलिम्पिकमध्ये आहेच, असा प्रतिवाद होतो. तो तर्काला धरून आहे, पण निर्णय तर्कावर होत नाहीत.

भारतात कागदावरची बाजू त्या मानाने बरी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये बहुक्रीडा स्पर्धांमधले ईस्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले गेले. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांवर खेळले जाणारे गेम बंद केले आणि ईस्पोर्ट्सला वेगळी, वैध ओळख दिली. मे २०२५ मध्ये बिहारच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत बीजीएमआय प्रात्यक्षिक खेळ म्हणून आला. मात्र शाळेतला कबड्डीपटू तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढतो, त्याला बोर्डाच्या परीक्षेत क्रीडागुण मिळतात, पीटीचे सर त्याच्या घरी जाऊन वडिलांना समजावतात. बीजीएमआयवाल्याकडे ॲपमधली नोंदणी, हजारो संघांच्या ऑनलाइन पात्रता फेऱ्या आणि रात्री बारापर्यंतच्या स्क्रिम्स, म्हणजे सराव सामने, आहेत. मधली पायरीच नाही. पीटीच्या सरांची जागा डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने घेतलेली आहे, आणि डिस्कॉर्ड वडिलांना समजवायला येत नाही.

हातात फोन घेतल्यावर

चार गुण मात्र पूर्ण हक्काचे आहेत. या किमतीत, म्हणजे फुकटात, इतका खोल स्पर्धात्मक खेळ दुसरा मिळणार नाही. पैसे देऊन मिळतात ते कपडे आणि बंदुकीची सजावट, त्याने गोळीचं नुकसान वाढत नाही. नशिबाच्या पेट्या उघडण्यात यूसी, म्हणजे पैसे देऊन घेतलेलं गेममधलं चलन, भसाभस उडतात, तेव्हा मुलाच्या फोनवर पालकांचं पेमेंट ॲप पिनशिवाय उघडं ठेवू नका.

कौशल्य कुठे लागतं? एम४१६ सारखी रायफल सलग चालवली की नळी वर आणि बाजूला उचलली जाते. ती खाली धरायला चांगले खेळाडू बोटाऐवजी जायरोस्कोप वापरतात, म्हणजे फोनच तिरका करून नेम सावरतात. त्याची संवेदनशीलता ३०० ते ४०० टक्क्यांपर्यंत ठेवणारे बरेच. सुरुवात २०० पासून करावी, ट्रेनिंग ग्राउंडवर ५० मीटर अंतरावरच्या भिंतीवर आख्खं मॅगझिन झाडून छिद्रं बघावीत. छिद्रं वर चढत असतील तर आकडा वाढवा, खाली घसरत असतील तर कमी करा. दोन अंगठ्यांवरून चार बोटांच्या पकडीवर, म्हणजे ‘क्लॉ’वर, जाताना पहिले काही आठवडे खेळ बिघडतोच, त्याला घाबरून परत फिरू नये.

फोनचं म्हणाल तर सुरुवातीची अट २ जीबी रॅमची होती, पण त्यावर स्पर्धा खेळायची म्हणजे चपला घालून मॅटवर उतरण्यासारखं आहे. ६ ते ८ जीबी रॅम आणि सेकंदाला सलग ६० फ्रेम (चित्रं) टिकवणारा फोन पुरे. निवडक फोनवर ९० आणि १२० फ्रेमही मिळतात, पण तिसऱ्या सामन्यात ४० वर घसरणाऱ्या ९० पेक्षा न हलणारे ६० चांगले. घसरण होते ती उष्णतेमुळे: प्रोसेसर तापला की फोन स्वतःला वाचवण्यासाठी वेग आणि पडद्याचा उजेड दोन्ही कमी करतो. म्हणून सामन्यात चार्जर लावू नये, कव्हर काढावं, ग्राफिक्स ‘स्मूथ’वर ठेवावं, पडद्याचा उजेड ठरावीक ठेवून आपोआप बदलणं बंद करावं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बोटं चिकटतात आणि नेम अडकत सरकतो. त्याला बोटांवर चढवायची फिंगर स्लीव्ह हा सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक इलाज.

पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, ६० मिलिसेकंदांच्या आत असेल तर तक्रार नको. १०० च्या वर गेलं की भिंतीआड पोहोचल्यावरही गोळी लागल्यासारखी वाटते, कारण सर्व्हरच्या हिशेबात तुम्ही अजून बाहेरच असता. सरासरीपेक्षा चढउतार जास्त घातक: कायम ७० बरं, ३० वरून १५० वर उडी वाईट. वायफाय असेल तर ५ गिगाहर्ट्झची पट्टी धरा. इमारतीत २.४ वर शेजारच्या दहा राउटरची गर्दी असते.

कॉलेजात किंवा मंडळात स्पर्धा घ्यायची असेल तर

गणेशोत्सव मंडळं आणि कॉलेजच्या फेस्टमध्ये या स्पर्धा ठेवता येतात, आणि चुकीच्या तयारीने त्या सहज फिसकटतात. गेममधलं रूम कार्ड घेऊन कस्टम रूम, म्हणजे फक्त आपल्या खेळाडूंसाठीचा खासगी सामना, उघडता येते. नोंदणी करताना गेममधलं नाव पुरत नाही, ते बदलता येतं. आकड्यांचा कॅरेक्टर आयडी लिहून घ्या, आणि संघामागे एक राखीव खेळाडू. प्रत्येक संघाला स्लॉट क्रमांक द्या आणि त्याच स्लॉटमध्ये बसायची सक्ती करा, नाहीतर गुण भलत्याच संघाच्या नावावर जातात. आयडी आणि पासवर्ड सुरुवातीच्या १५ मिनिटं आधी फक्त कर्णधारांना पाठवा. खुल्या ग्रुपवर टाकला की दोन मिनिटांत बाहेरची पोरं रूम भरून टाकतात.

टॅबलेट चालेल की नाही ते आधी ठरवा. ४:३ च्या पडद्यावर वर-खालचं दृश्य जास्त दिसतं, आणि हरल्यावर त्यावरून भांडण ठरलेलं. एम्युलेटर, म्हणजे संगणकावर मोबाइल गेम चालवणारं सॉफ्टवेअर, सरळ बंद ठेवा. कनेक्शन तुटलं तर सामना पुन्हा होणार नाही, हे लेखी द्या. बरोबरी झाली तर आधी चिकन डिनर, मग क्रमांकाचे गुण, मग शेवटच्या सामन्यातला क्रमांक, हेही आधीच लिहा. प्रत्येक सामन्यानंतर निकालाच्या पडद्याचा स्क्रीनशॉट आयोजकाने काढावा आणि कर्णधारांनीही. दोन संघ एकमेकांना बघूनही गोळी झाडत नसतील तर ती ‘टीमिंग’ आहे, पहिल्याच वेळी दोघांना बाद करा. थेट प्रक्षेपण करणार असाल तर किमान पाच मिनिटं उशिराने सोडा, नाहीतर संघातलाच राखीव गडी पडद्यावर बघून शत्रूची जागा सांगतो.

सगळ्यात जास्त गोंधळ नेटमुळे होतो. गेमला डेटा फार लागत नाही. पण ६४ फोन एका राउटरवर टाकले की हवेतल्या लहरींसाठी रांग लागते आणि स्पीड टेस्ट उत्तम दाखवत असूनही पिंग उसळतं. एका ॲक्सेस पॉइंटवर १५-१६ फोनपेक्षा जास्त ठेवू नका, किंवा सरळ प्रत्येकाला स्वतःच्या मोबाइल डेटावर खेळू द्या आणि सभागृहाच्या चारही कोपऱ्यांत रेंज आधी तपासा.

आणि बक्षीस. ‘प्रत्येकी ५० रुपये काढा, जिंकेल त्याला सगळे’ ही जुनी पद्धत आता विसरा. २०२५ च्या कायद्यानंतर जमवलेल्या पैशांचं बक्षीस करणं म्हणजे पैशांच्या गेमच्या व्याख्येत पाय अडकवून घेणं. बक्षीस प्रायोजकाकडून किंवा मंडळाच्या निधीतून द्या आणि नोंदणी फुकट ठेवा.

बघण्यापासूनच सुरुवात करायची असेल तर कुठल्याही अंतिम फेरीचा तिसरा दिवस निवडा, तोही चौथ्या सामन्यापासून. तोवर विजेतेपदाच्या शर्यतीत तीन-चार संघच उरतात, त्यामुळे १६ ऐवजी तेवढ्यांवरच लक्ष ठेवावं लागतं. प्रत्येक सामन्याची पहिली दहा मिनिटं चहाला सोडून दिली तरी काही हुकत नाही.